नाणेघाटाच्या तोंडाशी जुन्नर

जुन्नरला येणारा पाहुणा बहुधा पुणे-नाशिक रस्त्याने येतो. नारायणगावला वळतो, शिवनेरीवर जाऊन शिवजन्मस्थानी डोके टेकवतो, लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाचे दर्शन घेतो, जमलेच तर ओझरच्या विघ्नहराला जाऊन येतो आणि आल्या रस्त्याने संध्याकाळी परततो. त्याने जुन्नर पाहिलेले असते, पण एखाद्या वाड्यात परसदाराने शिरून परसदारानेच बाहेर पडावे तसे. या गावाचे दर्शनी तोंड पश्चिमेला आहे. जवळजवळ दोन हजार वर्षे माणसे, बैल, घोडे आणि माल जुन्नरात शिरत होता तो कोकणातून, सह्याद्रीची कडा चढून. लेणी, किल्ले, राजधानी, लुटी, लढाया असे जे जे या तालुक्यात घडले, त्याचा धागा त्या घाटवाटांपर्यंत जाऊन पोचतो.

नकाशा समोर धरला की हे लगेच ध्यानात येते. कल्याणची खाडी हे उत्तर कोकणातले जुने बंदर. तिथून मुरबाडमार्गे पूर्वेला निघाले की वैशाखरे गावाजवळ सह्याद्रीची भिंत आडवी येते. ही भिंत दोन हजारांहून अधिक फूट उंच, आणि ती ओलांडायला मोजक्याच वाटा. त्यांतली सर्वांत प्रसिद्ध ती नाणेघाट. घाट चढून वर आले की घाटघरचे पठार लागते आणि तिथून पुढे नद्यांची खोरी पूर्वेकडे उतरत जातात. कुकडीचे खोरे ते कुकडनेर, मीनेचे ते मीननेर. या खोऱ्यांच्या तोंडाशी, जिथे डोंगर मागे पडून सपाट जमीन सुरू होते, तिथे जुन्नर वसले. घाट चढून थकलेल्या तांड्याला विसावा, बैलांना चारापाणी, मालाला गिऱ्हाईक आणि पुढच्या प्रवासाला सोबत अशा चारही गोष्टी इथे मिळत. पुढे एक वाट गोदावरीकाठच्या पैठणला, तर दुसरी तेरकडे जाई.

राणीचा लेख आणि त्यातले आकडे

नाणेघाटाच्या माथ्यावर, खिंडीच्या तोंडाशी, खडकात कोरलेली एक चौकोनी खोली आहे. ती वाटसरूंच्या उतरण्याची जागा असावी, असे कुणालाही वाटेल. पण आत शिरून भिंतींकडे पाहिले की वेगळाच प्रकार दिसतो. डाव्या आणि उजव्या भिंतीवर ब्राह्मी लिपीतला लांबलचक लेख आहे, आणि मागच्या भिंतीवर एका राजघराण्याचे आठ पुतळे कोरलेले होते. पुतळे फार पूर्वी फुटले. आज पावलांच्या खुणांखेरीज त्यांचे फारसे काही उरलेले नाही. त्यांच्या डोक्यावर कोरलेली नावे मात्र शाबूत राहिली. सातवाहन घराण्याचा संस्थापक सिमुक, राजा सातकर्णी, त्याची राणी नागनिका, तिचे वडील महारठी त्रणकयिर आणि राजकुमार अशी ती नावे आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा हा ऐवज, म्हणजे महाराष्ट्रात राज्य केलेल्या एका घराण्याने दगडात कोरून घेतलेले कुटुंबचित्रच.

भिंतीवरचा मोठा लेख नागनिकेशी जोडलेला आहे. पतीच्या निधनानंतर व्रतस्थ राहिलेली ही राणी त्यात भेटते. धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन करून लेख सुरू होतो आणि मग केलेल्या यज्ञांची यादी येते. अश्वमेध, राजसूय आणि इतर कितीतरी. प्रत्येक यज्ञापुढे दक्षिणा दिली आहे. गायी, घोडे, हत्ती, गावे आणि कार्षापण नावाची नाणी.

दक्षिणेच्या या हिशेबामुळे नाणेघाटाचे नाव गणिताच्या इतिहासात गेले. हे आकडे अक्षरांत लिहिलेले नाहीत, अंकांच्या खुणांनी लिहिलेले आहेत. भारतात अंक लिहिण्याचे जे अगदी जुने नमुने आज पाहायला मिळतात, त्यांत या लेखाची गणना होते. त्यात 1, 2, 4, 6, 7, 9 असे एकेरी अंक आहेत आणि दहा, वीस, ऐंशी, शंभर, हजार यांना वेगळ्या खुणा आहेत. शून्य अजून यायचे आहे आणि एकं-दहं-शतं ही स्थानांची पद्धतही नाही. त्यामुळे 24,400 लिहायचे तर वीस हजाराची खूण, मग चार हजाराची, मग चारशेची अशा तीन खुणा शेजारी शेजारी मांडाव्या लागत. चार हजाराची खूण करताना हजाराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडत, आणि चारशेसाठी तेच चार शंभराला जोडत. शिक्षकाने वर्गात दशमान पद्धतीचे महत्त्व समजावताना याहून चांगले उदाहरण शोधू नये.

1828 साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने हा लेख अभ्यासकांच्या नजरेला आणला. त्यातले अंक ओळखून त्यांची नीट मांडणी करण्याचे श्रेय 1870 च्या दशकात काम करणाऱ्या पंडित भगवानलाल इंद्रजींकडे जाते.

पण मुख्य प्रश्न आकड्यांचा नाही, जागेचा आहे. एवढ्या मोठ्या घराण्याने आपल्या यज्ञांची जाहिरात राजधानीत न कोरता एका आडरानातल्या खिंडीत का कोरली? याचे उत्तर सरळ आहे. त्या काळी ही जागा आडरान नव्हतीच. कोकणातून देशावर जाणारा प्रत्येक व्यापारी या खोलीसमोरून जात होता. आपले राज्य कुठे सुरू होते, ते कुणाचे आहे आणि ते किती श्रीमंत आहे, हे त्याला पहिल्याच पावलाला कळावे अशी ती योजना होती. घाटात पाण्याची टाकीही खोदलेली आहेत. त्यांतल्या एका टाक्यावर दान देणाऱ्या दामघोष नावाच्या गृहस्थाचे नाव आणि तेव्हाच्या सातवाहन राजाचे तेरावे राज्यवर्ष कोरलेले आहे. म्हणजे वाट राजाने राखली आणि वाटेवरचे पाणी सामान्य माणसांनी पुरवले.

माथ्यावरचा मोठा दगडी रांजण तर आता नाणेघाटाची ओळखच झाला आहे. जकातीची नाणी यात टाकत असत, असे परिसरात सांगतात. तो जकातीचा असो वा पाण्याचा, इथे जकात घेतली जात असणार यात मात्र नवल नाही. एवढ्या अरुंद खिंडीत चार माणसे उभी केली तरी सगळा व्यापार हातात येतो.

बंदरासाठी भांडण

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती देणारी एक पुस्तिका लिहिली. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात पैठण आहे, तेर आहे आणि कल्याणही आहे. कल्याणविषयी तो एक चमत्कारिक गोष्ट सांगतो. थोरल्या सातकर्णीच्या काळात हे बंदर रीतसर व्यापाराचे होते. पुढे मात्र तिथे अडथळे सुरू झाले, आणि चुकून एखादे ग्रीक जहाज कल्याणला लागलेच तर त्याला पहारा लावून भडोचला नेत.

यामागे दोन सत्तांची झुंज होती. भडोच बंदर क्षत्रपांच्या ताब्यात, तर कल्याण आणि त्यामागचे घाट सातवाहनांचे. जहाजे भडोचला वळवली की नाणेघाटातली वर्दळ आटते आणि सातवाहनांची जकात बुडते. क्षत्रप तेवढ्यावर थांबले नाहीत. नहपान या क्षत्रप राजाने घाटमाथाच जिंकला. जुन्नरच्या मानमोडी डोंगरातील एका लेण्यात त्याच्या अयम नावाच्या अमात्याने मंडप आणि पाण्याचे टाके दिल्याचा लेख आहे. त्यावर 46 हे वर्ष कोरलेले आहे. जुन्नर तेव्हा सातवाहनांच्या हातून निसटले होते, याचा हा दगडी पुरावा.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला आणि मुलूख परत मिळवला. या विजयाचा पुरावा 1906 मध्ये नाशिकजवळच्या जोगळटेंभी गावी सापडला. तिथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी एका ठेव्यात मिळाली, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. नाणी वितळवून नवी पाडण्याची तसदी न घेता शत्रूच्या चेहऱ्यावरच शिक्का उमटवला, की बाजारात कुणाची सत्ता आहे हे आपोआप कळते.

लेणी कोणी कोरवली?

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. एका गावाच्या आसमंतात एवढी लेणी महाराष्ट्रात दुसरीकडे नाहीत. उत्तरेला लेण्याद्री, पश्चिमेला पाडळीजवळ तुळजा लेणी, दक्षिणेला मानमोडी आणि खुद्द शिवनेरीच्या कड्यातही. अजिंठ्याची चित्रे किंवा वेरूळचे कैलास पाहून आलेल्याला ही लेणी साधी वाटतील. शिल्पकाम थोडे, भिंती कोऱ्या. पण त्यांवर जे लेख आहेत ते वाचले की त्या काळच्या बाजारपेठेची हजेरीच समोर उभी राहते.

लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने दिले. म्हणजे घाटाखालच्या बंदरातल्या घराण्याने घाटावरच्या गावात दान केले. मानमोडीतील एक दोन खोल्यांचे लेणे बुद्धमित्र आणि बुद्धरक्षित या भावांचे आहे, आणि त्यांचे वडील भडोचचे. शिवनेरीच्या लेण्यात चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला, तर इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी खोदून दिली. मानमोडीत चंद नावाचा आणखी एक यवन भेटतो. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेला माणूस. अशी माणसे जुन्नरात केवळ माल विकून परत जात नव्हती. त्यांची नावे भारतीय वळणाची झाली होती आणि ती इथल्या संघाला दाने देत होती.

याहून मनोरंजक आहेत ते श्रेणींचे लेख. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांची संघटना. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि टाके दिले. एका लेखात बांबूचे काम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे दरमहा पावणेदोन आणि कासारांच्या श्रेणीकडे दरमहा पाव असा ठेवीच्या उत्पन्नाचा हिशेब आहे. दुसऱ्या लेखात अदुथुम नावाचा एक शक उपासक जमिनीचे उत्पन्न श्रेणीच्या हवाली करतो, आणि त्यातून करंजाची व वडाची झाडे लावायची अशी अट घालतो. थोडक्यात, बुरूड आणि कासार हे केवळ कारागीर नव्हते. त्यांच्या संघटनांवर लोकांचा इतका विश्वास होता, की ठेव त्यांच्याकडे ठेवावी आणि तिच्या उत्पन्नातून धर्मकार्य कायम चालावे. बँकेचे कामच ते करत होते.

बौद्ध संघ आणि व्यापारी यांचे हे नाते दोघांच्याही सोयीचे होते. भिक्षूंना पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहावे लागे. त्यांना निवारा, पाणी आणि भिक्षा देणारे गाव हवे होते. व्यापाऱ्यांना पुण्य हवे होते, प्रतिष्ठा हवी होती, आणि परक्या मुलखात विश्वासाची जागाही. त्यामुळे कार्ले, भाजे, कान्हेरी, नाशिक यांच्यासारखी जुन्नरची लेणीही व्यापारी वाटेच्या हाकेच्या अंतरावर आहेत.

या सगळ्यांत तुळजा लेणी आवर्जून पाहावीत. इथले चैत्यगृह गोल आहे. मध्ये स्तूप, त्याभोवती साध्या अष्टकोनी खांबांचे कडे, खांब बारा, आणि स्तूपावर घुमटासारखे छत. कार्ल्यासारखी लांबट चैत्यगृहे महाराष्ट्राला परिचित आहेत. हा गोल आराखडा मात्र फारच विरळा. जुन्नरच्या लेण्यांतले हे सर्वांत जुन्यांपैकी एक. लेण्याद्रीला गणपतीचे जे मंदिर आहे तोही मूळचा विहारच, ओळीतला सातव्या क्रमांकाचा. तिन्ही बाजूंना खोल्या असलेले एवढे मोठे दालन एकाही खांबाशिवाय उभे आहे. अष्टविनायकांपैकी डोंगरातल्या लेण्यात विराजमान असलेला गणपती हा एवढाच. तुळजा लेण्यातही देवीची स्थापना होऊन तिचेच नाव लेण्यांना मिळाले. बौद्ध संघ गेला, पण डोंगर चढण्याची लोकांची सवय सुटली नाही.

सातवाहनांनंतर रोमशी होणारा व्यापार ओसरला आणि नव्या लेण्यांचे काम मंदावले. घाट मात्र ओस पडले नाहीत. कुकडीच्या उगमाजवळ पूर गावी उभे असलेले कुकडेश्वराचे कोरीव शिवमंदिर शिलाहार काळातले मानले जाते. घाटमाथ्यावर वस्ती, देवस्थान आणि दानशूर मंडळी तेव्हाही होती, याची ते साक्ष देते.

रशियन व्यापाऱ्याचा घोडा

पुढच्या काळात बंदर बदलले. कल्याणऐवजी चौल पुढे आले आणि मालात घोडा मुख्य झाला. दख्खनच्या सुलतानांच्या फौजा घोड्यांवर उभ्या होत्या, आणि चांगला घोडा इथे पैदा होत नसे. तो अरबस्तान आणि इराणकडून जहाजाने आणावा लागे.

हे हेरून 1469 च्या सुमारास अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी होर्मुझहून एक घोडा घेऊन चौलला उतरला. त्वेर हे त्याचे गाव. चौलहून पाली आणि उंबरी करत, तीन आठवड्यांहून अधिक प्रवास करून तो जुन्नरला पोचला आणि पावसाने त्याला तिथेच अडकवले. त्याने लिहून ठेवलेले वर्णन घाटमाथ्यावरच्या पावसाळ्याचे जुने आणि जिवंत वर्णन आहे. सगळीकडे पाणी आणि चिखल, त्याच दिवसांत नांगरणी-पेरणी, घोड्यांना खायला कडधान्य. शहर उंच खडकावर आहे, वाट इतकी अरुंद की दोघांना जोडीने चालता येत नाही, असे तो सांगतो. शिवनेरी पाहिलेल्याला ते पटते.

जुन्नरचा बहमनी अधिकारी असदखान याने निकितीनचा घोडा काढून घेतला. हा परदेशी मुसलमान नाही हे कळल्यावर त्याने पर्याय ठेवला की धर्म बदललास तर घोडा परत आणि वर एक हजार सोन्याची नाणी. मुदत चार दिवसांची. निकितीनचे नशीब असे, की ऐनवेळी मुहम्मद नावाचा एक खुरासानी गृहस्थ मध्ये पडला आणि त्याने घोडाही सोडवला, माणसालाही. निकितीन पुढे बीदरला गेला. मायदेशी परतताना स्मोलेन्स्कजवळ त्याचे निधन झाले, पण वही मागे उरली. वास्को द गामा कालिकतला उतरण्याच्या सुमारे तीस वर्षे आधी एका युरोपियनाने जुन्नरचा पावसाळा काढला होता, ही गोष्ट मराठी वाचकांच्या फारशी परिचयाची नाही. चौलजवळ रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे.

एका राजघराण्याची सुरुवात

बहमनी सत्ता मोडकळीला आली तेव्हा जुन्नरचा सुभा मलिक अहमदकडे होता. एकेक किल्ला ताब्यात घेत त्याने हात-पाय पसरले. 1490 मध्ये बहमनी फौजेचा पराभव करून तो स्वतंत्र झाला आणि निजामशाही सुरू झाली. तिची पहिली राजधानी जुन्नर. पण राज्य वाढू लागले तसे जुन्नर एका कोपऱ्यात पडू लागले. अहमदची नजर दौलताबादवर होती. म्हणून जुन्नर आणि दौलताबाद यांच्या साधारण मधोमध, जिथे त्याने विजय मिळवला होता त्या जागी 1494 मध्ये त्याने नवे शहर वसवले. तेच अहमदनगर, आजचे अहिल्यानगर. शंभराहून अधिक वर्षांनी, नगर मोगलांच्या हाती गेल्यावर, मलिक अंबरने काही काळ निजामशाहीची राजधानी पुन्हा जुन्नरला आणली. संकटात घाटांचा आडोसा बरा वाटतो.

या काळात घाटाच्या रखवालदार किल्ल्यांचे महत्त्व वाढले. जीवधन नाणेघाटाच्या अगदी उरावर बसलेला. चावंड आणि हडसर पुढच्या वाटेवर डोळा ठेवणारे, आणि शिवनेरी शहराच्या डोक्यावर. चौघांमध्ये एक साम्य आहे. कडे उभे, वर पाणी भरपूर आणि प्रवेशाची वाट कातळ फोडून काढलेली. हडसरला तर कातळात कोरलेला जिना आणि दरवाजे पाहताना थांबून राहावेसे वाटते. 1636 मध्ये शहाजीराजांनी निजामशाही वाचवण्याचा प्रयत्न सोडला, तेव्हा मोगलांच्या स्वाधीन करायच्या किल्ल्यांत शिवनेरी, जीवधन, चावंड, हडसर आणि हरिश्चंद्रगड होते. घाट ताब्यात हवेत, हे दिल्लीलाही कळत होते.

त्याआधी सहा वर्षे, 19 फेब्रुवारी 1630 रोजी, शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. मुलूख पेटलेला असताना जिजाबाईंना इथे ठेवले गेले त्याला कारण होते. सात दरवाजे ओलांडल्याशिवाय गडावर पाऊल ठेवता येत नाही. वर गंगा-जमुनासारखी बारमाही पाण्याची टाकी, आणि अंबरखान्यात धान्याचा साठा. हा गड 1636 नंतर मोगलांकडे गेला तो शिवरायांच्या हयातीत परत मिळाला नाही. 1657 च्या उन्हाळ्यात त्यांनी रात्रीच्या अंधारात दोराच्या शिड्या लावून जुन्नर शहरात प्रवेश केला आणि तीन लाख होन व दोनशे घोडे घेऊन ते निघून गेले. पेठ लुटली, पण गड मोगलांकडेच राहिला. 1673 मधला प्रयत्नही फसला.

गड का पडत नव्हता, याचे कारण त्याच दशकात एका डॉक्टरने लिहून ठेवले. मुंबईच्या इंग्रजांकडे नोकरीला असलेला जॉन फ्रायर जुन्नरच्या मोगल सुभेदाराच्या घरी औषधपाण्यासाठी आला होता. त्याला शिवनेरी पाहू दिला गेला. हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल एवढी शिधासामग्री गडावर असल्याची नोंद त्याने केली. परतताना तो नाणेघाटानेच कोकणात उतरला. पुढे पेशवाईत शिवनेरी मराठ्यांकडे आला, आणि 1818 च्या मे महिन्यात मेजर एल्ड्रिजच्या फौजेने चावंड, जीवधन, हडसर, शिवनेरी हे सगळे किल्ले काही दिवसांत घेतले. पुन्हा कुणी वर चढून बसू नये म्हणून इंग्रजांनी पायऱ्या आणि दरवाजे सुरुंगाने उडवले. जीवधन आणि चावंड चढताना मध्येच पायऱ्या तुटून कोरा कातळ लागतो, तो त्या सुरुंगांमुळे.

वाट पालटली

पेशव्यांच्या दप्तरखान्यात जुन्नरी कागदाला मान होता. चिंध्या आणि ताग कुजवून, कुटून, त्याचा लगदा साच्यात गाळून हातांनी बनवलेला हा जाड, घोटीव कागद शाई पिऊन टाकत नसे आणि वर्षानुवर्षे टिके. जुन्नरचे कागदी हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत होते. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि एकोणिसाव्या शतकात हा धंदा बसला. पुण्याच्या पुरालेखागारात मोडी कागद चाळणाऱ्या अभ्यासकाच्या बोटांना जुन्नर आजही लागते.

कागदापेक्षा मोठा घाव वाटेवर पडला. 1830 मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता सुरू झाला. 1863 मध्ये त्याच घाटातून रेल्वे वर आली आणि 1865 मध्ये थळघाटातून. एक लोहमार्ग जुन्नरच्या दक्षिणेने, दुसरा उत्तरेने. दोन्ही मुंबईकडे जाणारे, आणि दोन्ही जुन्नरला टाळणारे. बैलाच्या पाठीवर गोण्या लादून नाणेघाट उतरण्यात आता अर्थ उरला नाही. घाटात लढाई झाली नाही, दरड कोसळली नाही. फक्त वाहतुकीचा दर बदलला, आणि दोन हजार वर्षांची पेठ तालुक्याचे गाव होऊन बसली.

त्यानंतर जुन्नरची सगळी तोंडे पूर्वेला वळली. कुकडी प्रकल्पातून माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणे झाली. येडगावचे पाणी कालव्याने पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. ऊस, द्राक्षे, टोमॅटो आले. बाजार नारायणगावला सरकला. तमाशाच्या फडांमुळे आणि तमाशा कलावंत विठाबाईंमुळे ते नाव आधीच महाराष्ट्रभर गाजलेले होते.

घाटवाटांची वर्दळ ओसरल्याने आलेल्या शांततेचे एक अनपेक्षित फळही मिळाले. नारायणगावजवळ खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेली ही दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या खगोलभौतिकी केंद्राकडून चालवली जाते. आकाशातून येणारे क्षीण रेडिओ संकेत टिपायचे तर माणसाने केलेला रेडिओ-गोंगाट कमी हवा आणि भोवती डोंगरांचा आडोसा हवा. वर्दळीसाठी मोक्याचा ठरलेला प्रदेश वर्दळ हटल्यावर शांततेसाठी निवडला गेला. आज जगभरचे खगोलशास्त्रज्ञ निरीक्षणासाठी या दुर्बिणीवर वेळ मागतात.

2018 मध्ये राज्य शासनाने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून मान्यता दिली. तेव्हापासून गर्दी वाढली, पण ती शिवनेरी, लेण्याद्री आणि पावसाळ्यातला नाणेघाट एवढ्यांतच फिरते. मानमोडी आणि तुळजा लेणी गावापासून जवळ असूनही तिथे माणूस दिसत नाही. ज्यांना एक दिवस जास्त काढता येईल त्यांनी तो या दोन डोंगरांना द्यावा. जाताना जुन्नरातला माहितगार वाटाड्या सोबत घ्यावा, कारण मानमोडीच्या वाटा सहज सापडत नाहीत आणि लेण्यांच्या कपारींत आग्या मोहोळे असतात. तिथे धूर, अत्तराचा फवारा आणि आरडाओरडा टाळावा. नाणेघाटातल्या खोलीत बॅगा आणि पाठी भिंतीला टेकवू नयेत. अक्षरे झिजली आहेत. लेख नीट वाचता यावा म्हणून त्यावर खडू, पाणी किंवा तेल लावण्याचा मोहही आवरावा. उन्हे तिरपी असताना, सकाळी किंवा संध्याकाळी गेले, की ब्राह्मी अक्षरे आपोआप उठून दिसतात.